एका दिवशी एकच खाडी : खान्देशातून निघून पावसाळ्यात फेरीबोट आणि एसटीने कोकण किनारा

आपल्याकडे पाऊस ही वाट बघायची गोष्ट. मृगाचा पडला का, पेरणी साधली का, दुबार तर करावी लागणार नाही ना, यातच आपला जून सरतो. जळगावात वर्षभरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, धुळ्यात त्याहून कमी. रत्नागिरीत तो ३००० च्या वर जातो. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’, आणि त्याला रेड अलर्ट असतो. म्हणजे आपल्या चार महिन्यांतला पाव हिस्सा तिकडे एका दिवसात कोसळू शकतो. हा आकडा आधी सांगतो, कारण कोकणात पावसाळी फिरायला निघालेला खान्देशी माणूस तयारी इथल्या पावसाची करतो आणि गाठ तिथल्या पावसाशी पडते.

तरीही जावं. पाठीवर एक पिशवी, हातात एसटीचं तिकीट आणि वाटेत खाड्या ओलांडणाऱ्या फेरीबोटी. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा असा तुकड्यातुकड्याने पाहण्यात जी मजा आहे ती हायवेवरून सुसाट जाण्यात नाही. मी हा रस्ता तीनदा केला आहे. पहिल्या खेपेला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी रस्ता समजून घ्या

कोकणचा किनारा सरळ नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळण्याआधी रुंद होतात, त्यांच्या खाड्या होतात आणि त्या किनारा कापत जातात. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर ५०-१०० किलोमीटरचा वळसा पडतो. तिथेच फेरीबोट कामाला येते. गाड्या आणि माणसं एकत्र घेणारी सपाट तळाची ही बोट. दाभोळकडे लोक तिला ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. पलीकडे जायला दहा ते वीस मिनिटं लागतात आणि पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ असतं.

उत्तरेकडून दक्षिणेला जाताना पाण्यावरचे पाच टप्पे येतात:

१. मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा (मुंबई बंदराचं पाणी)
२. आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी)
३. बागमांडला ते वेसवी (सावित्री नदीची बाणकोट खाडी)
४. दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी)
५. तवसाळ ते जयगड (शास्त्री)

रेवदंड्याला आणि आंजर्ल्याला पूल आहेत, तिथे बोटीची गरज नाही.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यात एका दिवशी एकच खाडी ओलांडायची, आणि तीही दुपारी बाराच्या आत. पहिल्या वेळी मी मुरूडहून निघून त्याच दिवशी दोन खाड्या पार करून दापोली गाठायचं ठरवलं होतं. नकाशावर ते सहज वाटत होतं. राजपुरीची खाडी ओलांडली, दिघीला बससाठी दीड तास गेला, श्रीवर्धनला जेवणात एक तास. बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि वारा असा सुटला होता की टपरीचं मेणकापड फडफडून फाटत होतं. बोट पलीकडच्या काठाला बांधून ठेवलेली दिसत होती. टपरीवाल्या काकांनी चहाचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, “आज ती येत नाही आता. उजेड आहे तोवर मागे फिरा.” हरिहरेश्वरला परत आलो तेव्हा पिशवीतला एकही कपडा कोरडा नव्हता. बोट बंद ठेवणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चुकला होता माझा हिशेब. सकाळी दहाला तिथे असतो तर बोट मिळाली असती. नसती मिळाली तरी पुलाच्या रस्त्याने वळसा घालायला अख्खी दुपार हातात होती.

केव्हा जायचं

जून आणि जुलै सोडून द्या. समुद्र तेव्हा खवळलेला असतो, यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि सर्वांत जोराचा पाऊसही त्याच काळात. गणपतीच्या आगेमागेही नको. चाकरमानी गावाकडे निघतात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली असतात आणि घरगुती निवासात खोली मिळत नाही.

माझ्या मते उत्तम काळ म्हणजे नारळी पौर्णिमा ते पोळा हे पंधरा दिवस. कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात आणि नव्या हंगामाला लागतात. आपल्याकडे निंदणी-कोळपणी बरीच उरकलेली असते आणि पोळ्याला घरी परतता येतं. पोळ्यानंतर चारच दिवसांत गणेश चतुर्थी, म्हणजे गर्दीच्या आत तुम्ही सुटलात.

त्या पंधरवड्यातही गोकुळाष्टमीच्या आसपासचा आठवडा धरा. त्याचं कारण भरती-ओहोटीत आहे. आपण बिनसमुद्राची माणसं, त्यामुळे हे नीट समजून घ्यायला हवं.

तिथीवरून भरती काढायची रीत

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी आणि ओहोटीही खोल. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, तो भांग. उधाणाला खाडीतला ओढ जबर असतो, आणि खोल ओहोटीला काही जेट्ट्यांवर गाळामुळे बोट लावायला वेळ जातो. भांगाच्या दिवसांत दोन्ही त्रास कमी. नारळी पौर्णिमेला आणि पोळ्याच्या अमावास्येला उधाण असतं, गोकुळाष्टमी बरोबर मध्ये येते.

वेळ काढायची जुनी रीत किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, ठिकाणाप्रमाणेही बदलतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. आपल्या घरात आईला, आजीला तिथी पाठ असते. कालनिर्णय भिंतीवर असतंच. निघण्याआधी सात दिवसांच्या तिथी आणि त्यासमोर भरतीच्या वेळा कागदावर लिहून घ्या. मी तो कागद पाकिटात ठेवतो, कारण पावसात मोबाइलची काच ओली झाली की तिला बोटाचा स्पर्श कळत नाही आणि कागद मात्र वाचता येतो.

किनाऱ्यावर ऐकू येणारा आणखी एक शब्द, ‘बावटा’. हवामान बिघडणार असेल तर बंदरावर धोक्याचा इशारा लावतात. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ असं कानावर आलं की त्या दिवशी पाण्याचा विचार सोडायचा. वाद घालायचा नाही, मिनतवारी करायची नाही.

खान्देशातून निघताना

जळगाव-भुसावळकरांनी रात्रीची मुंबईकडची गाडी पकडावी, सकाळी मुंबईत. धुळेकरांसाठी मालेगाव-नाशिकमार्गे एसटी आहेच. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांना सुरतेवरून मुंबईला जाणारी खान्देश एक्सप्रेस सोयीची, फक्त ती रोज नसते, दिवस बघून घ्या. वाटेत सुरतेजवळ पोचाल तेव्हा तापीची आठवण काढा. आपल्या गावावरून वाहत आलेलं पाणी तिथून थोड्याच अंतरावर समुद्राला मिळतं.

परतीसाठी एक गाडी आत्ताच लक्षात ठेवा. एर्नाकुलमहून निजामुद्दीनला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. रत्नागिरीला बसलात की पनवेल, कल्याण, नाशिक रोड, मनमाड करत ती थेट जळगाव-भुसावळला आणते, मध्ये गाडी बदलायची गरज नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी काढा, ही गाडी कायम भरलेली असते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळ्यात पाहून ठेवलेल्या वेळेवर विसंबू नका.

एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या चार आणि सात दिवसांच्या पासाबद्दल सगळेच विचारतात. चांगली योजना आहे, पण आधी हिशेब मांडा. किनाऱ्यावरचे टप्पे छोटे आहेत. नुसत्या अलिबाग ते रत्नागिरी प्रवासाला सात दिवसांचा पास परवडत नाही. धुळ्याहून किनाऱ्यापर्यंत जाणं आणि रत्नागिरीहून परत येणं हेही एसटीनेच करणार असाल तरच विचार करा. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. त्यांना पासाची गरजच नाही. आधार कार्ड मात्र वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

पिशवी कशी भरायची

यावर जरा थांबतो, कारण सगळी सहल यावर उभी आहे.

पाठपिशवीवर बाहेरून घालायचं कव्हर दुकानदार हमखास गळ्यात मारतो. कोकणातला पाऊस आडवा येतो. तो पाठ आणि पिशवी यांच्या फटीतून आत शिरतो आणि खाली कव्हरमध्येच साचतो. पिशवी काढली की तळाशी तांब्याभर पाणी. म्हणून कोरडं ठेवायचं काम आतून करायचं. किराणा दुकानात मिळते तशी मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, एकात एक अशा दोन. ती पाठपिशवीत आधी बसवा, कडा बाहेर लोंबू द्या. कपडे घडी न घालता गुंडाळा, सुरळी करून उभे रचा. वर टॉवेल. मग दोन्ही हातांनी दाबून हवा काढा, प्लास्टिकच्या तोंडाला पीळ द्या, तो पीळ उलटा वाकवा आणि रबराने बांधा, आपण धान्याच्या गोणीचं तोंड बांधतो तसं. आता पिशवी अख्खी भिजली तरी आतले कपडे कोरडे राहतात. मुक्कामाचा एक जोड कधीही बाहेर घालायचा नाही. दिवसभराचे ओले कपडे सकाळी पुन्हा ओलेच अंगावर चढवायचे. पहिल्या दिवशी नको वाटतं, तिसऱ्या दिवशी सवय होते.

जीन्स नको, दोन दिवस वाळत नाही. बूट नको, पट्ट्याची घट्ट सँडल हवी. कोकणातले रस्ते, पायऱ्या, अंगणं जांभ्या दगडाची, आणि पावसाळ्यात त्यावर हिरवं शेवाळ बसतं. आपल्या काळ्या मातीत पाय रुततो, तिथे पाय निसटतो. छत्री नेऊ शकता, पण वाऱ्यात ती उलटते. चांगला रेनकोट किंवा गुडघ्याखाली येणारा पोंचो बरा.

वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. हे हौसेपोटी सांगत नाही. दुधात मळलेल्या दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात, आणि दिघीसारख्या ठिकाणी बस येईपर्यंत पोटाला आधार लागतो. ठेचा मात्र काचेच्या बाटलीत नको.

रोख पैसे जवळ ठेवा. वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदमच जातात, मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. नोटा दोन वेगळ्या पिशव्यांत. पायाला जखम असेल तर चिकटपट्टी लावून वर प्लास्टिक बांधा आणि साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, लेप्टोस्पायरोसिसचा जंतू जखमेतून शिरतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘कोकणात पावसात फिरून आलो’ हे आपणहून सांगा.

पहिला टप्पा : मुंबई ते अलिबाग

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, साधारण ऑगस्टअखेरपर्यंत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोठी रो-रो बोट, म्हणजे गाड्याही घेणारी, २०२० मध्ये सुरू झाली. ती हवामान पाहून पावसाळ्यातही चालते. तास-सव्वा तासात मांडवा. जवळचं लोकल स्टेशन हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड. आदल्या रात्री बोट सुटणार का ते तपासा, कारण रद्द झाल्याचं गाडीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

बोट नसेल तर नाराज होऊ नका. ठाण्याला उतरून लोकलने पनवेल, आणि पनवेल स्थानकातून पेणमार्गे अलिबागची एसटी. खरं सांगायचं तर पाऊस जोरात असेल तेव्हा मी हाच रस्ता घेतो. मांडव्याहून अलिबाग २० किलोमीटरच्या आसपास आहे, रिक्षा किंवा मिनिडोअर मिळते. आपल्याकडची काळीपिवळी तशी तिकडची मिनिडोअर, भरल्याशिवाय हलत नाही.

अलिबागला किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला दिसतो. एरवी ओहोटीला लोक चालत जातात. पावसाळ्यात कुणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही. पाणी पाठीमागून भरतं आणि परतीची वाट बुजते.

अलिबाग ते श्रीवर्धन

अलिबागहून मुरूड सुमारे ५० किलोमीटर. एसटी रेवदंड्याचा पूल ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, त्यामुळे उजवी खिडकी धरा. मुरूडला मुक्काम करा. जंजिऱ्याच्या बोटी या दिवसांत बंद असतात, किल्ला राजपुरीच्या किनाऱ्यावरून पाहायचा. पावसाच्या पडद्याआडून तो मधूनच दिसतो, मधूनच नाहीसा होतो. मी अर्धा तास भिजत उभा होतो आणि तिथून हलावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांडा. जेट्टीवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे खिडकीवर विचारायचं, “पुढची कधी, आणि आज वारा कसा आहे?” तिकीटवाला जो चेहरा करतो त्यात अर्धं उत्तर असतं. बोट बंद असेल तर रोहा, माणगाव, म्हसळा असा रस्त्याने वळसा आहे. त्यात दिवस जातो, पण मुक्कामाला पोचता.

दिघीहून श्रीवर्धनला जाणाऱ्या एसटी मोजक्या आहेत. बोर्ली पंचतनपर्यंत रिक्षा आणि तिथून बस हा खात्रीचा मार्ग. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून संध्याकाळी एक फेरफटका मारा.

एसटीची भाषा

इथे मध्येच थांबून हे सांगतो, कारण पुढचा सगळा प्रवास यावर आहे. मुक्काम शक्यतो आगार असलेल्या गावी करा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी या सगळ्या गावांत आगारं आहेत. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे दरड कोसळून वरची गाडी अडकली तरी सकाळी काही ना काही मिळतं. फाट्यावर उभे राहिलात तर भरलेली गाडी थांबतच नाही.

स्थानकात पोचलात की आधी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जा. फलकावरचं वेळापत्रक बरेचदा जुनं असतं. ‘उद्या सकाळची पहिली कोणती’ आणि ‘इकडची शेवटची कोणती’ हे दोनच प्रश्न. त्यासोबत ‘मुक्कामी गाडी’ विचारा. ती रात्री एखाद्या टोकाच्या गावी वस्तीला थांबते आणि पहाटे तिथून परत सुटते. किनाऱ्यावरच्या लहान गावांत हीच एक गाडी वेळेवर येते, कारण ती आदल्या रात्रीच तिथे आलेली असते. वेळ सांगताना ती माणसं ‘साडेपाचची’ म्हणतात तेव्हा पाच वीसला उभं राहायचं.

बोलताना आपला हेल त्यांच्या लगेच लक्षात येतो. “जळगाव? एवढ्या लांबून पाऊस बघायला?” असं मला प्रत्येक खेपेला विचारलं. मग जागा सांगतात, कुठे उतरायचं ते सांगतात, खानावळही सांगतात.

श्रीवर्धन ते दापोली

हा सर्वांत नाजूक दिवस. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, तिथून जवळच बागमांडला, बोटीने वेसवी, मग मंडणगड आणि दापोली. बोट दहाच्या आसपास गाठायची म्हणजे श्रीवर्धनहून साडेसात-आठला निघायला हवं. हरिहरेश्वराचं दर्शन आटोपशीर घ्या. देवळामागची खडकातली प्रदक्षिणेची वाट पावसाळ्यात धोक्याची आहे, लाटा थेट वर येतात. तिकडे वळूच नका.

बागमांडल्याला बोट बंद असेल तर म्हसळ्याकडे मागे येऊन आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मंडणगड. हा पर्याय असतो म्हणूनच सकाळी पोचायचं.

दापोलीत दोन रात्री काढा. पाच खाड्यांच्या प्रवासात एक दिवस राखीव हवाच, आणि तो दापोलीइतका दुसरीकडे कुठे सत्कारणी लागत नाही. पाऊस उघडला तर हर्णै बंदर आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, नाही उघडला तर गरम घावणे, कुळथाचं पिठलं आणि खिडकी. श्रावणात रानभाज्या मिळतात. टाकळा, भारंगी ताटात आली तर नाही म्हणू नका. तिकडच्या जेवणाला आपल्यासारखा झणका नसतो, तेव्हा ठेच्याची डबी काढायची. माझ्या डबीतला ठेचा खानावळीतल्या काकूंनी चाखला, डोळ्यांत पाणी आलं तरी अजून एक बोट लावलं.

दापोली ते गुहागर

दापोलीहून दाभोळला एसटी बऱ्याच आहेत, तास-सव्वा तास. जेट्टीजवळ आदिलशाहीकालीन मशीद आहे, पंधरा मिनिटं काढून बघा. दाभोळ कधीकाळी मोठं बंदर होतं, आज एवढी दगडी खूण उरली आहे.

बोटीत चढायची रीत एकदा सांगून ठेवतो. बोट आली की तिची लोखंडी झडप जेट्टीच्या उतारावर आपटते, मोठा आवाज होतो, घाबरू नका. आधी गाड्या उतरतात, मग नव्या चढतात. पायी माणसांनी कडेने, गाड्या थांबल्यावर चढायचं. उताराच्या खालच्या भागावर सतत पाणी येतं-जातं, तिथे शेवाळ सर्वांत निसरडं. पाय आडवे टाकत, छोटी पावलं घेत जा. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर पिशवी झटकून मोकळं होता यायला हवं. बोटीत गाड्यांच्या मध्ये उभे राहू नका, जीवरक्षक जाकिटं कुठे आहेत ते बघा आणि कठड्याशी नव्हे, भिंतीशी टेका. मग डोकं वर करा. वाशिष्ठीच्या मुखाशी समुद्राचा राखाडी रंग आणि नदीचा तांबूस रंग वेगवेगळे दिसतात, मध्ये फेसाची एक वाकडी रेघ असते.

धोपाव्याहून गुहागरला बस लगेच मिळेलच असं नाही, रिक्षा भागीदारीत ठरवा. बोट बंद असेल तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा लांबचा रस्ता.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि मोकळा आहे, आणि इथेच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आपली मुलं विहिरीत, गिरणेच्या पाटात पोहायला शिकतात. विहिरीचं पाणी उभं असतं, पाटाचं एकाच दिशेने जातं. समुद्राचं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं आणि आत ओढतं. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. मी निघताना आई दारात उभी राहून म्हणते, “पानीमा उतरजो नको.” तिने समुद्र कधी पाहिला नाही, पण तिचं हे म्हणणं मी तिन्ही वेळा पाळलं. कुणी ओढलं जाताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका, आरडाओरडा करा, ११२ ला फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

गुहागर ते रत्नागिरी

तवसाळला जाणाऱ्या एसटी दिवसातून थोड्याच, म्हणून आदल्या संध्याकाळीच वेळ विचारून ठेवा. वाटेत हेदवी लागतं. तिथली बामणघळ प्रसिद्ध आहे, खडकाच्या चिरेतून भरतीचं पाणी उंच उसळतं. पावसाळ्यात ते लांबूनच पाहावं, कडेला जाऊन नाही. तवसाळ-जयगड बोट नसेल तर भातगावच्या पुलावरून रत्नागिरीकडे जाता येतं.

जयगडहून गणपतीपुळे, आणि तिथून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरी. ही शेवटची बस उजव्या खिडकीत बसून करा. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा राजा थिबा इंग्रजांच्या कैदेत इथे राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. पावसाळ्यात तो वाडा फार एकटा वाटतो. टिळकांचं जन्मघरही जवळच आहे.

रत्नागिरी रेल्वे स्थानक गावापासून लांब आहे, अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. कोकण रेल्वेवर पाऊस वाढला की गाड्यांचा वेग कमी करतात, त्यामुळे मंगला उशिरा आली तर तक्रार करू नका. पुढचं कसलंही आरक्षण, लग्न किंवा कोर्टाची तारीख त्याच दिवशी ठेवू नका.

गाडीत बसल्यावर ओल्या कपड्यांची पिशवी सीटखाली वेगळी ठेवा. घरी आल्यावर पाठपिशवी रिकामी करून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चेन. मीठ बसलं की चेन आठवड्यात अडकते. उलटी टांगून दोन दिवस ऊन द्या आणि चेनीवर मेणबत्ती फिरवा.